अबुधाबी ते रास अल खैमा, एका शब्दापायी

माझा नातू शारजात राहतो आणि दुबईला कामाला जातो. त्याचे मुंबईचे दोस्त इथे फिरायला येणार आहेत. परवा जेवताना म्हणाला, "नाना, तुम्ही तर इथली सगळी शहरं जुन्या काळात पाहिलीत. बघण्यासारखी कुठली ते सांगा ना. त्याप्रमाणे प्लॅन करतो."

मी म्हटलं, "बघण्यासारखं काय असणार? वाळू होती."

"नाना, सीरियसली."

सीरियसलीच सांगत होतो. पण त्याला मोबाईलवर बोलावणं आलं आणि तो उठून गेला. आता घरात कोणी नाही. बायको गेली, चाळिसावा दिवस झाला, आणि मुलीनं मला रत्नागिरीहून उचलून इथे अकराव्या मजल्यावर आणून ठेवलं. खिडकीला एसीसाठी काच मारलेली आहे, ती उघडत नाही. खाली संध्याकाळभर गाड्या एकमेकींच्या शेपटाला तोंड लावून उभ्या असतात. पणतीला विचारलं जेवलीस का, तर म्हणते "ऑलरेडी, नाना." मग मी गप्प बसतो. चार यत्ता शिकलेला माणूस आहे मी, पण लिहिता येतं. म्हणून नातवासाठी लिहून ठेवतो. ही सगळी शहरं मी एका दमात एकदाच पाहिली, अबुधाबीपासून रास अल खैमापर्यंत, आणि कशी पाहिली तेच सांगतो.

साठ सालानंतरची गोष्ट आहे. अबुधाबीत तेलाचा पैसा नुकताच दिसायला लागला होता. हा देश तेव्हा देश नव्हता. सात शेख, सात गावं, आणि मध्ये रस्ता म्हणून काही नाही. आमच्या गावात या सगळ्याला दुबईच म्हणत. मी अबुधाबीला एका कंत्राटदाराकडे लॉरी चालवायचो. पासपोर्ट त्याच्या कपाटात. बायको रास अल खैमाला. आधी मी तिथे एका अरब व्यापाऱ्याची भाजीची गाडी चालवत होतो, तेव्हा तिला बोलावून घेतली होती. पुढे अबुधाबीचं काम लागलं. पण कॅम्पात बाईमाणसाला जागा नाही. म्हणून ती तिथेच राहिली, एका म्हाताऱ्या अरब बाईच्या अंगणात, झावळ्यांच्या खोलीत. म्हातारी सुईणपण करायची.

बायकोला तिथे कोंडल्यासारखं व्हायचं. गावी ती ओहोटीला खाडीत उतरून कालवं काढणारी बाई. इथे अंगणाच्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर बोलायचं कोणाशी? मी महिन्यातून एकदा कधी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला. "या खेपेला कुठली गावं बघितलीत?"

मी म्हणायचो, "लॉरीतून काय दिसतंय."

"दिसतं तेवढं सांगा. तुम्ही शहरं बघता, मी भिंत बघते."

मला सांगता यायचं नाही. मी म्हणायचो, सगळी सारखीच आहेत. ती तोंड फिरवून बसायची. त्यात तिला दिवस गेले. पण दिवस भरायला अजून अवकाश होता.

तर त्या दिवशी मी रिकामी लॉरी घेऊन दुबईला निघालो, बंदरावरचं सिमेंट आणायला. बरोबर कॅम्पचा भटारी होता. भटारी म्हणजे आमचा स्वयंपाकी, कुलाबा जिल्ह्यातला, माझ्याहून वयानं मोठा. त्याला दुबईत मिरची-मसाला घ्यायचा होता. तोंड बंद ठेवणं त्याला माहीत नव्हतं. अबुधाबी सोडताना शेखाचा पांढरा किल्ला लागतो, तो दाखवून म्हणाला, "मियाँ, एवढं मोठं घर, आणि पाणी प्यायला खारट. आपली विहीर बरी."

नातवा, अबुधाबीत बघायचं तर तो किल्ला बघ. तेव्हा त्याच्या भोवती वाळू होती आणि झावळ्यांची घरं होती आणि आमच्यासारखे लोक पाट्या वाहत होते. आता काचा आहेत म्हणतात.

खाडीच्या उतारावरचा मक्ताचा बुरूज मागे पडला की पुढे नुसती सबखा. सबखा म्हणजे आपल्याकडचं खाजण समज, फक्त त्याला शेवट नाही. वरून मिठाचा पापुद्रा, पांढरा, टणक दिसतो. खाली चिखल. आदल्या दिवशी थंडीतली एक सर पडून गेली होती. मी जुन्या चाकोरीतून जात होतो, ती पाण्यानं भरलेली दिसली म्हणून लॉरी जरा बाजूनं काढली, आणि मागची चाकं बसली. फळ्या घातल्या, गोणपाट घातले, खणलं. जितकं खणावं तितकी ती खाली जाते. शेवटी दोघं लॉरीच्या सावलीत बसलो. लांबवर काही नाही. झाड नाही, कुत्रं नाही.

बऱ्याच वेळानं समोरून एक पिकअप आली. रास अल खैमाची भाजी अबुधाबीला नेणारा बलुची, मला ओळखणारा. वाऱ्यात वाळू होती म्हणून त्यानं तोंडाला फडकं गुंडाळलेलं, फक्त डोळे दिसत होते. आमची दोरी लावून ओढून बघितलं. दोरी तुटली. मग निघताना गाडीतूनच ओरडून म्हणाला, "रफीक, तुम्हारा हुरमा खलास."

रफीक म्हणजे दोस्त, तिकडे सगळ्यांना म्हणतात. हुरमा म्हणजे बाई, बायको.

मी धावत त्याच्या दारापाशी गेलो. "क्या बोला? कब?"

"कल. बुढिया बोला. खलास." आणि एक बोट आभाळाकडे करून म्हणाला, "अल्ला करीम."

भाजी सुकत होती. त्यानं गाडी काढली. अबुधाबीहून कोणाला तरी पाठवतो म्हणाला आणि गेला.

खलास हा शब्द मी रोज ऐकत होतो. सिमेंट उतरलं, खलास. जेवण झालं, खलास. चल आता बस कर, खलास. अरब माणूस दिवसभर तेच बोलतो. पण आपल्याकडे एखाद्या माणसाच्या नावापुढे खलास म्हटलं की त्याचा अर्थ एकच. माझ्या कोकणी कानानं तोच ऐकला. भटाऱ्याच्याही कानानं तोच ऐकला. तो उठून उभा राहिला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि "इन्ना लिल्लाही" म्हणाला, मयताची बातमी ऐकली की म्हणतात ते.

ती वाचली होती, हे आधीच सांगतो. मला गोष्ट रंगवता येत नाही. पण तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी चिखलात अडकलेलो होतो. पायी निघावं तर वाळवंटात मरायला होईल. बसावं तर बसवत नाही. लॉरीभोवती फेऱ्या मारत राहिलो.

भटारी लॉरीच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "मियाँ, इथे संध्याकाळ व्हायच्या आत पुरतात. काल गेली म्हणजे माती झाली. आता आपल्या हातात एवढंच की तिची नमाज पढू."

हे समजावून सांगायला पाहिजे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. मयत समोर नसली तरी जनाज्याची नमाज पढायची आमच्यात परवानगी आहे. गायबाना म्हणतात तिला. पठाण, बलुची यांच्यात ती नाही. आमच्या गावात किती वेळा पढलेली मी. कोणी आफ्रिकेत गेलेला, कोणी बोटीवर गेलेला आणि दर्यात सोडलेला. ज्यांचं पोट दर्यावर चालतं त्यांना ती नमाज लागतेच. त्यामुळे भटारी काही भलतं बोलत नव्हता.

मी म्हटलं, "मी नाही उभा राहणार."

"वजूचे हातपाय धुवायला पाणी नाही म्हणून? मातीनं तयम्मुम करू. माती कमी आहे का इथे?"

"पाण्याचं नाही. मी बघितल्याशिवाय नाही."

"बघणार काय आता?"

"काय असेल ते."

"तिचा हक्क आहे तो, मियाँ."

"भाई, गप बसा."

तो गप्प बसला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

दुपार कलल्यावर तेलवाल्यांची एक मोठी गाडी आली. तिनं साखळी लावून आम्हांला बाहेर काढलं. अंधार पडायच्या सुमाराला दुबई दिसली.

दुबईची खाडी बघ, नातवा. ती बघण्यासारखी होती हे मी पण मानतो. दोन्ही काठांवर घरं, घरांवर वारा खाली ओढायचे चौकोनी बुरूज, आणि पाण्यात गलबतांची दाटी. अलीकडून पलीकडे तरीतून जायचं, आपल्याकडच्या तरीसारखीच. मी त्या तरीत बसलो आणि मला फक्त समोरचा काठ दिसत होता, कारण तिथे भाजीबाजार होता आणि रास अल खैमाचे ड्रायव्हर तिथे उतरायचे. एकेकाला धरून विचारलं. दोघांना काही माहीत नव्हतं. तिसरा म्हणाला, "हां, सुना है. खलास." त्यालाही बलुच्यानंच सांगितलं होतं.

कंत्राटदाराचा एजंट दुबईत बसायचा. त्याला सांगितलं, मला पुढे जायचंय. तो म्हणाला, "जायचं तर जा. लॉरी इथे ठेव. आणि पासपोर्टचं पुढे बघू." म्हणजे नोकरी गेली, आणि कागद अडकले. मी उभा राहिलो. 

भटारी पुढे झाला. "साहेब, कॅम्पात कांदा संपलाय. लिंबू संपलंय. रास अल खैमाला निम्म्या भावात मिळतं. लॉरी रिकामी आहेच. मी बरोबर जातो, दोन दिवसांत भरून आणतो. सिमेंट काय पळून जातंय?"

एजंट त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जेवण बिघडलं तर शिव्या मलाच येतात. जा."

बाहेर आल्यावर भटारी म्हणाला, "कांदा पोतंभर पडलाय. अल्ला माफ करो."

पहाटे निघालो. शारजा लागली. तेव्हा तिथे इंग्रजांची छावणी होती आणि वाळूत विमान उतरायची पट्टी. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, मोठी गलबतं आत यायची बंद झालेली, व्यापारी दुबईला निघून गेलेले. बंद दुकानांची रांग. भटारी म्हणाला, "ही बघ मशीद, छाया चांगली आहे. पाच मिनिटांचं काम."

"पुढच्या गावात."

पुढचं गाव अजमान. एक किल्ला, आणि किनाऱ्यावर गलबतं बांधायचा धंदा. लाकडाच्या फासळ्या उभ्या केलेल्या, आणि मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल लावलेलं, त्याचा वास गावाच्या बाहेरपर्यंत. मला तो वास घरचा वाटला. बायकोला तो वास आवडायचा नाही. मी बंदरावरून आलो की आधी न्हाणीत पाठवायची. भटारी म्हणाला, "इथे पढू."

"पुढच्या गावात, भाई."

"पुढचं गाव, पुढचं गाव. एक दिवस गावं संपतील मियाँ."

अजमाननंतर वाट कधी वाळूतून, कधी समुद्राकाठच्या पुळणीवरून. ओहोटीला पुळण घट्ट असते, तिथून गाडी पळते. पण आम्हांला उशीर झाला होता. उम्म अल कुवैनपर्यंत गेलो आणि भरती लागली. वरची वाळू इतकी भुसभुशीत होती की तिथे परत रुतलो असतो. म्हणून लॉरी गावात घातली. हे गाव म्हणजे समुद्रात शिरलेली जिभेसारखी जमीन. तिन्ही बाजूंनी पाणी, आणि वाट गावात शिरते आणि तिथेच संपते. समुद्रातल्या दगडांची घरं, जाळी वाळत घातलेली, माणसं कमी. पाणी उतरेपर्यंत कुठे जायचं नाही.

मला वाटतं दुनियेत त्याच्याइतकं सुंदर गाव नसेल आणि मला ते परत कधी बघायचं नाही.

मी एका उलथ्या होडीला टेकून बसलो. पाणी वर येत होतं. चिखलात होतो तेव्हा निदान खणत तरी होतो. इथे करण्यासारखं काहीच नव्हतं. मला तिचा चेहरा आठवेना. हात आठवत होते, कालवं फोडून चिरा पडलेले. चेहरा येईना. महिन्यातून एकदा बघितलेला चेहरा, तोही तोंड फिरवलेला.

भटारी मशिदीत गेला. इमामाला आपल्या मोडक्या अरबीत सांगायला लागला. इमाम विचारतो, मयत कुठे आहे? हा म्हणतो, रास अल खैमाला. इमाम म्हणतो, मग तिथे पढतील, इथे कशाला? तिकडे ती रीत नाही. दोघांची जुंपली. हा बाहेर आला तो रागानं लाल. मग त्याला चहाच्या टपरीवर दोन मलबारी सापडले. तेही शाफई. त्यांनी ऐकलं आणि लगेच हात पुसून आले.

तिघं पुळणीवर रांगेत उभे राहिले. भटारी पुढे. मागच्या दोघांच्या शेजारी एक जागा मोकळी ठेवली. मागे वळून म्हणाला, "मियाँ, ये."

मी हललो नाही.

"हे परके लोक तुझ्या बायकोसाठी उभे आहेत. तुला लाज नाही?"

"नाही."

त्यांनी पढली. मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो, पण अल्लाहू अकबरच्या तकबीर ऐकू येत होत्या. कानात बोटं घालावीत असं वाटलं. घातली नाहीत. आपण उभे राहिलो की झालं, मग ती मेली, एवढंच मला कळत होतं. त्याच्यापुढे मला शहाणपण नव्हतं. मलबाऱ्यांनी नंतर मला चहा आणून दिला. भटारी माझ्याशी बोलला नाही. पाणी उतरल्यावर आम्ही निघालो.

रास अल खैमा जवळ आली की डोंगर दिसायला लागतात आणि खजुरीचा हिरवा रंग दिसतो. इथे विहिरींना गोडं पाणी. आपल्या माणसाला हेच गाव सगळ्यात बरं. डोंगराच्या पलीकडे फुजैरा, तिथे मी कधी गेलो नाही, त्यामुळे त्याचं विचारू नकोस. मी लॉरी म्हातारीच्या दारातच घातली. दार उघडं होतं.

बायको उशांना टेकून बसली होती. हातात मेथीच्या पाण्याची वाटी. म्हातारी तिला ती जबरदस्तीनं पाजत होती. मला बघून बायको म्हणाली, "एवढ्या लवकर कसे आलात? कोणी सांगितलं?"

 म्हातारी हसत उठली आणि हात झाडून म्हणाली, "खलास, खलास. अल्ला करीम." तिच्या मागे गोधडीत एवढीशी पोर, उंदराएवढी, जिवंत. दिवस भरायच्या आत आली होती. म्हातारीनं निरोप पाठवला होता तो असा की सुटका झाली, बाई मोकळी झाली. खलास. वाटेत दोन-तीन तोंडांतून जाता जाता बाकीचं गळून पडलं आणि तेवढाच शब्द राहिला.

मी उंबऱ्यावरच बसलो.

भटारी दाराबाहेर पाठमोरा उभा होता, बाईमाणसाच्या घरात शिरायचं नाही म्हणून. तिथूनच त्यानं सगळं सांगून टाकलं. सबखा, बलुची, दुबई, कांदे. आणि मग म्हणाला, "भाभी, मी तुमची नमाज पढलो. उम्म अल कुवैनला. अल्ला माफ करो."

बायको म्हणाली, "पढलात ते बरं केलंत भाई. फुकट जात नाही ती. आणि हे?"

भटाऱ्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"हे उभे होते की नाही?"

"होडीला टेकून बसले होते."

"होडीला टेकून." ती हसायला लागली. पोट दुखत होतं तरी हसत होती, एका हातानं धरून. "म्हणजे मी मेले असते तर परके पढले असते, आणि नवरा होडीला टेकून बसला असता. भाई, गावी सांगू नका हे. माझ्या आईला आधीच जावई पसंत नाही."

भटारी पण हसला. त्याचा राग तिथे गेला. तो कांदे बघायला बाजारात गेला, कारण आता कांदे न्यायलाच हवे होते.

तो गेल्यावर तिनं हसणं थांबवलं. पोरीला जवळ ओढलं, मग माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, तोंड न फिरवता.

"का नाही उभे राहिलात?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

"उभा राहिलो असतो तर खरं झालं असतं."

तिनं पोरीच्या अंगावरची गोधडी सारखी केली. बाहेर म्हातारी कोंबड्यांना हाकलत होती.

"पुढच्या वेळी उभे राहा," ती म्हणाली. "परक्यांनी पढलेली नको मला. तुमच्या तोंडची पाहिजे. समजलं?"

"बरं."

"बरं नको. हो म्हणा."

मी हो म्हटलं.

भटारी पुढे मस्कतला गेला, त्याचं काय झालं मला माहीत नाही. आम्ही दोघं आणि ती पोर, म्हणजे नातवाची आई, आणखी काही वर्षं इथे राहिलो, मग गावी गेलो. बायको त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं जगली. या वर्षी गेली. घरातच गेली, सकाळी, चुलीवर चहा होता. या वेळी कोणाचा निरोप नव्हता, शब्दाचा घोटाळा नव्हता. मीच हात लावून बघितलं.

शारजाहून मुलीची माणसं रात्री पोचली, मग मशिदीच्या अंगणात लोकांनी माझ्यासाठी खुर्ची आणली. गुडघे गेलेत माझे, उभं राहवत नाही. नातू म्हणाला, नाना, बसून पढलं तरी चालतं. मी खुर्ची बाजूला सारायला लावली आणि पहिल्या रांगेत उभा राहिलो. एका बाजूनं नातवानं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं जावयानं. तकबीर चार. पहिली झाली, दुसरी झाली. मला वाटलं आता पडतो, पण पडलो नाही. तिसरीत तिच्यासाठी दुवा मागायची असते, ती मागितली. चौथी झाली. मग सलाम फिरवायचा, आधी उजवीकडे, मग डावीकडे, म्हणजे नमाज संपते. उजवीकडे मान फिरवली. डावीकडे फिरवायची होती. इमामानं फिरवली, रांगेनं फिरवली, लोक जनाजा उचलायला पुढे सरकले. नातू कानाशी म्हणाला, "नाना, झालं." मी तसाच उजवीकडे बघत उभा होतो. जावई म्हणाला, "राहू दे त्यांना थोडा वेळ." त्यांनी मला सोडलं नाही, धरूनच ठेवलं, आणि मी उभा राहिलो.